न ठोकता केलेली मोगरी

"सही जुळत नाही," असे म्हणून आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ लाकडाचा तुकडा बाजूला ठेवीत.

तुम्हा-आम्हाला त्या तुकड्यात काही खोट दिसली नसती. गुण्या, म्हणजे सुताराचा काटकोन, लावून तो उजेडाकडे धरला तर कडेला केसभर फट दिसे, एवढेच. पण ज्या माणसाचे उभे आयुष्य बँकेत धनादेशांवरच्या सह्या पडताळण्यात गेले, त्याच्या लेखी केसभर फट म्हणजे बनावट सही. "पार्टीला परत," असे पुटपुटत ते तो तुकडा कोपऱ्यातल्या गोणीत टाकीत. गोणी भरली की ती रखवालदाराच्या शेकोटीसाठी जाई. धायरीत आमच्या रखवालदाराइतक्या काटेकोर लाकडावर दुसरा कोणी हात शेकला नसेल.

देशात उदारीकरण आले, बँकेत संगणक आला, आणि सह्या पडताळायला आता इतकी माणसे लागत नाहीत हे वरिष्ठांच्या ध्यानात आल्यावर त्यांनी स्वेच्छानिवृत्तीची योजना जाहीर केली. तीत स्वेच्छा कोणाची आणि किती, याबद्दल मी एका दैनिकाला पत्र लिहिले होते. संपादकांनी ते निम्मे कापून छापले. त्या कापाकापीबद्दल मी त्यांना दुसरे पत्र लिहिले, ते त्यांनी छापलेच नाही. आमच्या या गृहस्थांना मात्र योजनेचा लवमात्र राग नव्हता. निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपली स्कूटर गॅरेजमधून काढून उघड्यावर उभी केली आणि आत सुतारी टेबल आणून मांडले.

निवृत्त माणसे देव्हारा करतात, पाट करतात, नातवंडांना घोडा करून देतात. हे गृहस्थ फक्त मोगऱ्या करीत. मोगरी म्हणजे सुताराचा लाकडी हातोडा. पटाशीच्या, म्हणजे लाकूड कोरायच्या छिन्नीच्या, लाकडी मुठीवर लोखंडाचा हातोडा मारला तर मूठ फुटते, म्हणून लाकडाला लाकडानेच मारायचे. डोके बाभळीचे, दांडा धावड्याचा. डोक्यातले आरपार भोक वरच्या बाजूला रुंद आणि खाली अरुंद असे, आणि दांडाही तसाच निमुळता. तो वरून ओवला की मोगरी जितकी वापरावी तितके डोके दांड्यावर घट्ट बसत जाते. खिळा नाही, पाचर नाही, डिंक नाही. मी एकदा खिळ्याची सूचना केली तेव्हा ते म्हणाले, "खिळा मारला म्हणजे आपलं चुकलं हे लेखी दिल्यासारखं झालं. तुम्हाला तरी हे कळायला हवं."

वहिनींचे म्हणणे वेगळे होते. "घरात मोगऱ्यांची रास लागलीय," त्या मला जिन्यात सांगत, "आणि एकीनं नारळ फोडायला गेले तर तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत."

त्यांच्या वेळा ठरलेल्या होत्या. सकाळी दहाला गॅरेजचे शटर वर, दुपारी दोनला खाली. बँकेचे काउंटर उभा जन्म याच वेळात उघडे असे आणि निवृत्तीमुळे घड्याळ बदलण्याचे त्यांना काही कारण दिसत नव्हते. दोन वाजून गेल्यावर कोणी मोगरीबद्दल अवाक्षर काढले तर ते घराच्या दारातून सांगत, "काउंटर बंद झालं. उद्या या." हे वाक्य मी त्यांना त्यांच्या सख्ख्या मेहुण्यालाही सांगताना ऐकले आहे. तो मेहुणा येरवड्याहून दोन बस बदलून आला होता.

मी पहिल्या मजल्यावर राहत असे, अजूनही राहतो. रोज सकाळी टपालात टाकायच्या पत्रांचे मसुदे घेऊन मी खाली जात असे आणि त्यांच्या स्टुलावर बसून ते मोठ्याने वाचून दाखवीत असे. पालिकेला पाण्याबद्दल, परिवहनाला बसथांब्याबद्दल, वीज कार्यालयाला वाढीव देयकाबद्दल. रंधा मारताना त्यांचे लक्ष असते की नाही हे कळत नसे. पण वाचन संपले की अभिप्राय येई. "'तीव्र' दोनदा आलंय, एक काढा." किंवा, "पत्र चांगलंय. पण सगळे ठोके एकाच ठिकाणी पडलेत. लाकूड तिथंच फुटेल, भोक पडणार नाही."

मोगरी ते विकत नसत. ज्याला खरोखर काही ठोकायचे आहे अशा माणसालाच ती मिळे, आणि तीसुद्धा त्याच्या कोपराचे माप घेतल्यावर. हे कोपराचे प्रकरण थोडे सांगायला हवे. मोगरीची तोंडे सरळ उभी कापली तर घाव तिरका बसतो, कारण माणसाचा हात कोपरातून फिरतो. म्हणून दोन्ही तोंडे किंचित कलती कापायची, इतकी की त्यांच्या रेघा दांड्याच्या दिशेने वाढवीत नेल्या तर वापरणाऱ्याच्या कोपराशी मिळाव्यात. साहजिकच एकाची मोगरी दुसऱ्याला चालत नाही, निदान त्यांच्या मते चालत नसे. कसब्यातल्या एका लोहाराकडून ते पटाश्यांना पाणी चढवून आणीत. त्याने मोगरी मागितली तेव्हा यांनी भर रस्त्यात त्याच्या हाताला फूटपट्टी लावली. जवळच तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची ठोकाठोक चाललेली होती. मी बरोबरच होतो. परत येताना बसमध्ये ते म्हणाले, "त्या गल्लीत घर घ्यायला हवं होतं. तिथं झोपेची तक्रार कुणी करत नाही."

मला त्यांनी मोगरी कधीच करून दिली नाही. मी एकदा स्पष्टच विचारले.

"तुम्हाला कशाला?" ते म्हणाले. "न्यायाधीशासारखी टेबलावर आपटायला?"

तेव्हा मी त्यांना सांगितले की, न्यायाधीशाने हातोडा आपटणे हे हिंदी चित्रपटांनी पसरवलेले अज्ञान आहे. माझ्या साऱ्या आयुष्यातल्या कोर्टाच्या तारखांमध्ये मी एकाही न्यायाधीशाच्या हाती असली वस्तू पाहिलेली नाही. न्यायाधीशाला मान राखून घेण्यासाठी आवाज करावा लागत नाही, आणि ज्याला करावा लागतो तो न्यायाधीश नव्हे. हे मी सविस्तर सांगितले. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे तुम्हाला मोगरीची गरज नाही, हे तुम्हीच सिद्ध केलंत." आणि पुन्हा कामाला लागले.

आता झोपेची तक्रार करणाऱ्या त्या वरच्या मुलीविषयी.

गॅरेजच्या नेमकी वरची सदनिका आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांच्या मालकीची होती. आमची इमारत ज्या जमिनीवर उभी आहे ती एकेकाळी याच अध्यक्षांच्या घराण्याची शेतजमीन. त्यांच्या आजोबांनी इथे ज्वारी पेरली, आणि यांनी बिल्डरला जमीन देऊन तिच्यावर सदनिका घेतल्या. त्यांतली ही सदनिका त्यांनी अमरावतीहून आलेल्या एका अभियंता मुलीला भाड्याने दिली. ती एका संगणक कंपनीत रात्रपाळी करी. सकाळी आठच्या सुमारास कंपनीची गाडी तिला फाटकाशी सोडून जाई.

आल्यानंतर थोड्याच दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास, ती गॅरेजच्या दारात उभी राहिली. केस विस्कटलेले, गाउनवर ओढणी, डोळे लाल. मी स्टुलावर होतो.

"काका, काय करून राहिले तुम्ही?"

"मोगरी."

"अन् किती वाजेपर्यंत करून राहणार?"

"दोन. दोनला काउंटर बंद."

"बाप्पा! मी सकाळी येते अन् दोनला उठते. माझी सारी रात्रच तुमच्या काउंटरमध्ये गेली ना जी!"

त्यांनी पटाशी खाली ठेवली. "रात्री काय करता आपण?"

"तिकडं अमेरिकेत दिवस असते ना. तिकडच्या बँकांचे कॉम्प्युटर बंद पडले का मला फोन येते. मी इथून चालू करून देते."

"बँकांचे?"

"हो. बँकाच जास्त."

"बंद पडू द्यावेत," ते म्हणाले, आणि पटाशी पुन्हा उचलली.

 मग हसावे की रडावे हे न कळून ती म्हणाली, "काका, मला आता स्वप्नातबी हातोडाच दिसून राहिला," आणि जिना चढून गेली.

त्याच आठवड्यात अध्यक्षांची नोटीस आली. गॅरेज हे वाहन ठेवण्यासाठी असून तेथे चाललेला व्यवसाय तात्काळ बंद करावा, अन्यथा गॅरेजला कुलूप लावण्यात येईल. ती वाचून मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. नोटिशीवर सचिवांची सही नव्हती. तिला समितीच्या ठरावाचा आधार नव्हता. गृहस्थांना म्हणणे मांडण्याची संधी दिलेली नव्हती. जे विकले जात नाही त्याला व्यवसाय म्हणता येत नाही. आणि सर्वांत गंभीर बाब अशी की, तक्रारदार भाडेकरू ज्यांच्या घरात राहते तेच अध्यक्ष या तक्रारीचा निवाडा करीत होते. स्वतःच्या प्रकरणात स्वतःच न्यायाधीश! मी रात्रंदिवस बसून मुद्देसूद उत्तर तयार केले आणि विशेष सभेची मागणी केली.

गृहस्थांना मी उत्तर वाचून दाखवले. या वेळी त्यांनी एकही शब्द काढायला सांगितला नाही. फक्त विचारले, "कुलूप खरंच लावतील का हो?"

त्यांच्या आवाजात असे काही मी पूर्वी ऐकले नव्हते. त्यांचा हात टेबलाच्या कडेवरून फिरत होता. हे टेबल तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या दोन खोल्यांत कोणत्याही प्रकारे मावणारे नव्हते.

"माझ्या हयातीत नाही," मी म्हणालो.

सभा रविवारी वाहनतळात भरली. मी माझे मुद्दे क्रमाने मांडले. सचिवांनी पहिल्याच मुद्द्याला मान खाली घातली. दुसरा आणि तिसरा मुद्दा सभेने तसाच मान्य केला. चौथ्या मुद्द्याला अध्यक्ष उठले.

"अवो सायेब," ते म्हणाले, "तुमचं समदं कायद्यात बसतंय. नोटीस चुकली, मान्य हाय. पर ती पोरगी झोपत न्हाई, त्याचं कलम कंचं?"

सभेत हशा पिकला. मी सांगितले की, हा प्रश्न सभेच्या विषयपत्रिकेवर नाही. तो खरोखरच नव्हता.

तेव्हा मागच्या खुर्चीवरून ती मुलगी बोलली. आवाज चढलेला नव्हता. "मला कोणाचं काही बंद नाही करायचं. पण कामावर दोनदा डोळा लागला माझा. आता तिसऱ्यांदा लागला तर काढून टाकतो म्हणाले. अन् नोकरी गेली तर घरी जावं लागते. घरी बाबांनी पाहुणे तयारच ठेवले आहेत, मुलगी पाहायला. एवढंच." आणि ती खाली बसली.

नोटीस रद्द झाली. ती सदोष होती, आणि माझे मत आजही तेच आहे.

दुसऱ्या दिवशी दहा वाजले, शटर वर गेले, आणि ठोका मात्र पडला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मी आजारपणाच्या शंकेने खाली गेलो. गृहस्थ टेबलाशी उभे होते. बाभळीचा ठोकळा शिकंज्यात आवळलेला होता आणि ते हाताने फिरवायच्या गिरमिटाने त्यात एकाशेजारी एक छिद्रे पाडीत होते. पाडून झाली की पटाशी दोन्ही हातांनी धरून, छातीचा भार देऊन, ते मधले लाकूड पापुद्र्या-पापुद्र्याने कापून काढीत. बाभूळ मुरलेली होती. त्यांच्या कपाळावर घाम होता. आवाज होता तो फक्त पापुद्रा सुटण्याचा.

"हे काय?" मी विचारले.

"हळू बोला," ते म्हणाले आणि बोट छताकडे केले.

माझा संताप अनावर झाला, पण तो मला दबक्या आवाजात व्यक्त करावा लागला. "अहो, कायद्यानं तुम्हाला ठोकण्याचा अधिकार आहे! सभेनं मान्य केलाय! इतिवृत्तात नोंद आहे!"

"आहे ना? असू दे की. पानात वाढलं म्हणून सगळं खाल्लंच पाहिजे असं थोडंच आहे?"

"मग मी एवढं भांडलो ते कशासाठी?"

"टेबल राहावं म्हणून. राहिलं." त्यांनी पापुद्रा फुंकरीने उडवला. "पटाशी दाबूनही चालते. वेळ लागतो, इतकंच. वेळ बँकेनं भरपूर दिलाय."

हातोडा, आणि तो न ठोकता करायचा! मी वर गेलो आणि त्यांना एक पत्र लिहिले. मिळालेल्या हक्काचा वापर न करणे हे पुढे हक्क सोडल्याचे लक्षण मानले जाऊ शकते, असा इशारा त्यात होता. पोच आली नाही.

त्याच सुमारास एका सकाळी मी दूध घ्यायला गेलो असता फाटकाशी हे दृश्य दिसले. कंपनीची गाडी वळत होती, मुलगी नुकतीच उतरली होती, आणि गृहस्थ फूटपट्टी घेऊन तिच्यासमोर उभे होते.

"हात दाखवा."

"काका, पत्रिका-बित्रिका पाहता का तुम्ही? बाबांनी फोन केला का तुम्हाला?"

"कोपर. मूठ मिटा. अशी. हलू नका."

"काऊन पण?"

"आपल्याला काही ठोकायचंय का?"

मुलीने विचार केला. रात्रभर जागलेला माणूस जसा करतो तसा, खूप वेळ आणि अगदी प्रामाणिकपणे. "पुष्कळ," ती म्हणाली.

"मग ठीक आहे," ते म्हणाले आणि माप घेऊन आत गेले.

त्या मोगरीला किती काळ लागला ते मी सांगत नाही, पण त्यांची बाकीची सारी कामे तेवढा काळ पडून होती. आणि ती पूर्ण होईना, कारण एक काम दाबून होणारे नव्हते. दांडा वरून ओवून झाला तरी शेवटचे बोटभर अंतर उरले होते. ते ठोकूनच आत जाणार होते. गृहस्थ ती अर्धीमुर्धी मोगरी टेबलावर ठेवून मुलीच्या सुट्टीच्या रविवारची वाट पाहत बसले.

रविवारी दुपारी उशिरा ती खाली आली. झोप झालेली होती, हातात चहाचा कप होता. शटर दोनला नेहमीप्रमाणे खाली आलेले होते. माझ्या डोळ्यांदेखत त्या माणसाने ते पुन्हा वर केले. मेहुण्यासाठी जे घडले नाही, ते त्या दिवशी घडले.

त्यांनी मोगरी दोन ठोकळ्यांवर टेकवली, आपली जुनी मोगरी तिच्या हाती दिली आणि म्हणाले, "मारा."

तिने हलकेच मारले.

"दार वाजवताय का? मारा."

ती हसली, कप खाली ठेवला आणि तिने मारले. पहिल्या घावाला दांडा थोडा सरकला. दुसऱ्याला आणखी. मग मात्र तिला सूर सापडला, की आणखी काही सापडले, मला सांगता येणार नाही. ती दात आवळून मारत राहिली आणि वाहनतळाच्या चारी भिंतींतून तो आवाज घुमत वर गेला. दांडा केव्हाच बसला होता. गृहस्थांनी तिला थांबवले नाही. त्यांनी नवी मोगरी काढून तिच्या हाती दिली, जुनी काढून घेतली आणि समोर एक जाड लाकूड सरकवले. ती त्यावर ठोकू लागली.

दुसऱ्या मजल्याची खिडकी खाडकन उघडली आणि अध्यक्षांचा आवाज आला. "कोन ठोकतंय रं रविवारचं? नोटीस चुकली म्हनून काय झालं? आता मी कुलूपच आनतो!"

मुलगी गॅरेजबाहेर आली. हातात मोगरी होती. "मी!" ती ओरडली. "मी ठोकून राहिली!"

"तू? अगं, तुझीच तक्रार हुती न्हवं?"

"होती. तेव्हा मी झोपेत होती. आता जागी आहे!"

अध्यक्षांनी थोडा वेळ तिच्याकडे, थोडा वेळ माझ्याकडे पाहिले. मी कोणत्याही मुद्द्यावर काही बोललो नाही. खिडकी मिटली.

"कोपर बाहेर जातंय," गृहस्थ आतून म्हणाले. "पुन्हा मारा."

त्यानंतर त्या दोघांत एक व्यवस्था रुजली. सकाळी गॅरेजमध्ये फक्त दाबण्याची, घासण्याची, मापण्याची कामे होत. दुपारी मुलगी उठली की आपल्या मोगरीने जमिनीवर दोन ठोके देई. तिची जमीन म्हणजे यांचे छत. मग काउंटर नव्याने उघडे. ही व्यवस्था लेखी असावी म्हणून मी दोन्ही पक्षांसाठी करारनाम्याचा मसुदा तयार केला. तिने तो वाचून, हसून, घडी घालून पर्समध्ये ठेवला. त्यांनी त्याच्या कोऱ्या बाजूवर दांड्याचे माप काढले. लेखी काहीही नसताना ती व्यवस्था मुलीला दिवसपाळीची नोकरी मिळेपर्यंत एकदाही मोडली नाही. हे माझ्या अनुभवाच्या विरुद्ध आहे, म्हणून मी ते इथे नोंदवतो.

पुढे गृहस्थ लेकीकडे बंगळूरला गेले. टेबल ट्रकने गेले. गॅरेजमध्ये आता एक मोटार उभी असते, नियमाप्रमाणे.

एक बाब राहिली. दुपारी दोन ही माझी आडवे होण्याची वेळ. डोळा लागतो न लागतो तोच शेजारच्या घरातून दोन ठोके येत, मग खालून पहिला घाव पडे आणि पाचपर्यंत काही खरे नसे. सोसायटीच्या शांततेच्या नियमांनुसार यात माझ्यावर उघड अन्याय होत होता. तक्रारीचा मसुदा माझ्या मनात तयार होता आणि त्यात एकही शब्द काढण्याजोगा नव्हता. तो अधिकार मी आजतागायत राखून ठेवला आहे.